कोणता जॉन? बून्सबरोच्या मूळपुरुषाचा माग काढताना

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे गृहस्थ सातारा जिल्ह्यातून तलाठी म्हणून निवृत्त झालेत. मुलगा ओहायोत, सून अमेरिकन. सुनेच्या माहेरी सांगतात की त्यांचा मूळपुरुष अठराव्या शतकात डॅनियल बून या नावाजलेल्या वाटाड्या-शिकाऱ्याच्या बरोबरीने केंटकीत आला आणि बूनच्या वस्तीत, बून्सबरोच्या गढीत राहिला. व्याह्यांच्या पंचाहत्तरीला ही वंशावळ मांडून भेट द्यायचा बेत आहे. हाताशी तीन गोष्टी आहेत: इंटरनेटवरून उतरवलेला, थेट सोळाव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत जाणारा तक्ता, जुन्या बायबलमधल्या नोंदींच्या पानाचा फोटो, आणि ‘आयर्लंडहून तीन भाऊ आले’ ही घरातली गोष्ट. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

तुम्ही तलाठी होतात हे वाचून मला फार बरं वाटलं. मी अठरा वर्षं केंटकीत राहते आणि लोकांच्या वंशावळी शोधून देणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. या कामाला जे शिक्षण लागतं त्यातलं निम्मं तुमचं आधीच झालंय. फेरफार वाचता येणारा माणूस इथले दोनशे वर्षांपूर्वीचे कागद बऱ्याच अमेरिकनांपेक्षा लवकर वाचायला शिकतो.

आधी तो तक्ता एका जाड पाकिटात घालून कपाटात ठेवून द्या. फाडू नका, त्यात एखादं खरं नाव असेलही. पण त्याच्यावर बांधकाम नको. इथे एकेकाळी पैसेवाल्या घराण्यांना हवी तशी वंशावळ करून देणारे लोक होते. गुस्ताव आंजू नावाचा गृहस्थ त्यात सगळ्यांत बदनाम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कित्येक वर्षं त्याने गिऱ्हाइकांना खोट्या वंशावळी विकल्या. खऱ्या कागदांमध्ये मधेच एखादं बनावट मृत्युपत्र घुसवायचं, ही त्याची रीत. ती पुस्तकं छापली गेली, ग्रंथालयांत गेली, आणि आता त्यातली नावं इंटरनेटवर लाखो झाडांमध्ये लोंबतायत. ‘तीन भाऊ आले’ ही गोष्ट तर मी इतक्या घरांत ऐकली आहे की आता तिसऱ्या भावाचं काय झालं हेही मीच सांगते: तो पश्चिमेकडे गेला आणि त्याचा पुन्हा ठावठिकाणा लागला नाही. एकाच आडनावाच्या तीन वेगळ्या घराण्यांची मोट बांधायला ही गोष्ट सोयीची पडते, एवढंच.

सुरुवात सुनेपासून करा. तिचे आईवडील, त्यांचे आईवडील, असं एकेक पायरी मागे. केंटकीत १९११ पासून राज्यभर मृत्यूची नोंद होते आणि त्या दाखल्यावर मयताच्या आईवडिलांची नावं असतात. माहिती कोणी दिली तेही लिहिलेलं असतं, ते आधी बघा. जावयाने सासऱ्याच्या आईचं नाव सांगितलं असेल तर ते चुकायला पुष्कळ जागा आहे. त्याच्या मागे दर दहा वर्षांची जनगणना. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं मिळतं. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. १८९० ची जनगणना मात्र वॉशिंग्टनला १९२१ मध्ये लागलेल्या आगीपायी जवळजवळ सगळीच गेली, तिच्या नादी लागू नका. हा सगळा टप्पा दोन-तीन रविवारांत होतो.

मग १८५० च्या अलीकडे-पलीकडे गाडी थांबते. त्याआधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं म्हणजे रकान्यातले आकडे: दहा वर्षांखालचे मुलगे किती, सोळा ते पंचवीसमधल्या बायका किती. १८२० च्या तक्त्यात सोळा ते अठराच्या मुलग्यांचा वेगळा रकाना आहे आणि तीच मुलं सोळा ते पंचवीसमध्येही धरलीयत. म्हणजे नुसती बेरीज केलीत तर घरात एक मुलगा जास्त निघतो, आणि लोक तो ‘हरवलेला मुलगा’ वर्षानुवर्षं शोधत बसतात. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर नाहीशाच झाल्या. पहिली टिकलेली जनगणना १८१० ची. बून्सबरो वसलं १७७५ मध्ये. मधली पस्तीस वर्षं तुम्हाला जमिनीच्या कागदांवरून काढायची आहेत.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला गेलं, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात आणि खापरपणजोबाचं नाव वाचून दाखवतात. सीमेवर, म्हणजे पश्चिमेकडे नव्याने वसत चाललेल्या मुलखात, तसं कोणी नव्हतं. चर्च नंतर आली, जन्माची सरकारी नोंद त्याहून नंतर. अपवाद क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. त्यांच्या सभेच्या वह्यांत जन्म, लग्न, स्थलांतर सगळं असे, आणि कोणाला का वाळीत टाकलं तेही. डॅनियल बूनचं घराणं मुळात क्वेकर, पेनसिल्व्हेनियातलं. त्याचा बाप स्क्वायर बून याला सभेने १७४८ मध्ये बाहेर काढलं, कारण थोरल्या मुलाने पंथाबाहेरची बायको केली आणि बापाने माफी मागायला नकार दिला. सहा वर्षांआधी मुलीच्या लग्नावरून मात्र त्याने माफी मागितली होती. दोन वर्षांत कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून दक्षिणेला निघालं आणि नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात पोचलं. एका वाळीत टाकण्याच्या ठरावातून बाप, मुलगा, वर्ष आणि स्थलांतराचं एक कारण, एवढं हाती लागतं. तुमच्या व्याह्यांच्या घराण्यात कोणी क्वेकर निघालं तर नशीब समजा.

आता तुमचं क्षेत्र. पहिला प्रश्न: कागद कुठल्या काउंटीत आहे? काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकाराने बऱ्याचदा तालुक्याएवढा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून कणकवलीचा त्याआधीचा कागद आपण रत्नागिरीच्या नावाने शोधतो. इथे तेच, पण भराभर. बून्सबरो जागचं हललं नाही, तरी १७७५ मध्ये ते व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होतं, मग केंटकी काउंटीत, १७८० पासून लिंकन काउंटीत आणि १७८६ पासून मॅडिसन काउंटीत. १७९२ मध्ये केंटकी वेगळं राज्य झालं. म्हणजे एकाच झोपडीत राहिलेल्या माणसाचे कागद चार काउंट्यांच्या आणि दोन राज्यांच्या नावाखाली पसरलेले असू शकतात. आणि काही जळलेलेही. फायेट काउंटीच्या कारकुनाचं दप्तर १८०३ मध्ये पेटलं. वाचलेल्या अर्धवट तुकड्यांच्या पुढे नकला करून ठेवल्या, आणि त्या वाचताना ओळ मधेच संपते तेव्हा जीव कासावीस होतो.

बून्सबरोला तो खरंच होता का, याचा सगळ्यांत चांगला पुरावा जमिनीच्या दाव्यात मिळतो. व्हर्जिनियाने १७७९ मध्ये कायदा केला: १ जानेवारी १७७८ च्या आधी ज्याने तिथे वर्षभर वस्ती केली किंवा मक्याचं पीक काढलं, त्याला ४०० एकर आणि लगतच्या १००० एकरांवर खरेदीचा पहिला हक्क. १७७९-८० च्या त्या कडाक्याच्या हिवाळ्यात आयुक्त एका गढीतून दुसऱ्या गढीत जाऊन दावे ऐकत बसले. त्यांच्या दाखल्यांत ‘अमुक साली मका पिकवला’ असं सरळ लिहिलेलं असतं. माणूस आधीच मेलेला असेल तर ‘अमक्याचा कायदेशीर वारस तमका’ असं येतं, हक्क विकला असेल तर कोणी कोणाला विकला ते येतं. ‘बूनबरोबर आला’ हे घरातलं वाक्य आणि ‘१७७६ मध्ये मका पिकवला’ ही नोंद, यातली दुसरीच तक्त्यात घाला.

दाखल्यानंतर जमीन नावावर व्हायला चार टप्पे लागत: हक्कपत्र, मग कोणती जमीन हवी त्याची नोंद, मग मोजणी, आणि शेवटी राज्यपालाच्या सहीची सनद. चारही कागद वेगळे, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत कधी दहा-पंधरा वर्षं. दरम्यान माणूस मेला तर सनद मुलाच्या नावाने. म्हणून सनद मिळाली की समाधान मानून थांबू नका, मागचे तिन्ही कागद काढा. केंटकीच्या जमीन कार्यालयाने यातले बरेच कागद मोफत पाहायला ठेवलेत.

मोजणीत गट नंबर, सर्व्हे नंबर असलं काही नाही. निव्वळ चतुःसीमा. ‘ओढ्याकाठच्या दोन पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून उत्तर तीस अंश पूर्व अमुक पोल, एका अक्रोडापर्यंत, अमक्याच्या हद्दीने...’ अशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. ३२० पोलांचा एक मैल, १६० चौरस पोलांचा एक एकर. ४०० एकर चौकोनी धरली तर एक बाजू सुमारे २५३ पोल येते. एकदा आलेखाच्या कागदावर काढून बघा. मी अजूनही आधी हातानेच काढते, नंतर संगणकावर. शेजाऱ्यांचेही तुकडे काढून कातरून जोडायला लागलं की लक्षात येतं, ‘अमक्याची हद्द’ जिथे लिहिलीय तो अमका बहुतेक वेळा सासरा असतो, मेहुणा असतो किंवा मागच्या राज्यातला शेजारी असतो. मोजणीच्या कागदाच्या तळाशी साखळी धरणाऱ्या दोघांची आणि खुणा करणाऱ्याची नावं असतात. रानात शॉनी या तिथल्या आदिवासी जमातीच्या हल्ल्याची भीती असताना साखळी धरायला कोण येणार? भाऊ, भाचा, नाहीतर गढीतला सोबती. ती नावं वेगळ्या वहीत उतरवत चला.

ही वेगळी वही म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा आहे. सीमेवर एकटा माणूस जात नसे, गोतावळा जात असे. बूनचंच बघा. त्याची बायको रिबेका ब्रायन. त्याच्या भावाची, एडवर्डची बायको मार्था, ही रिबेकाची बहीण. त्याची बहीण मेरी ब्रायनांच्याच घरात दिलेली. याडकिनच्या खोऱ्यात ही दोन्ही घराणी शेजारी, आणि केंटकीत गेल्यावर लेक्सिंग्टनजवळची गढी ब्रायनांच्या नावाची. समजा बूनचा एकही कागद टिकला नसता, तरी ब्रायनांच्या मागे मागे जाऊन तुम्ही याडकिनला पोचला असता आणि तिथे बून भेटला असता. तुमच्या मूळपुरुषाच्या बाबतीत नेमकं हेच करायचंय. त्याचं नाव केंटकीत संपत असेल तर त्याच्या साक्षीदारांची नावं घेऊन व्हर्जिनियात, नॉर्थ कॅरोलायनात जायचं. पाचसहा सोयऱ्या-शेजाऱ्यांची नावं एकाच जुन्या काउंटीत एकत्र सापडली की तोही तिथेच कुठेतरी असतो.

तुम्ही कळवलेलं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला जॉन म्हणू. निम्म्या केंटकीचं नाव जॉन होतं म्हणून नाव सापडायची चिंता नाही, जरुरीपेक्षा जास्त सापडणार. खरी पंचाईत कोणता जॉन आपला ही. इथे करवसुलीच्या याद्या कामाला येतात, आणि हे काम कंटाळवाणं असल्यामुळे बहुतेक लोक ते टाळतात. व्हर्जिनियाने १७८२ पासून दरवर्षी कर-यादी केली, केंटकीने तीच पद्धत पुढे चालवली. एकवीस वर्षांवरच्या पुरुषाचं नाव, सोळा ते एकवीसमधले किती, गुलाम किती, घोडे किती. केंटकीच्या याद्यांत जमिनीचा एकर, ओढ्याचं नाव, आणि मूळ नोंद, मोजणी, सनद कोणाच्या नावाने झाली याचे तीन रकाने आहेत. तो तिसरा रकाना म्हणजे अक्षरशः तुमचा फेरफार. एकच वर्ष बघून उपयोग नाही. सलग वीस-पंचवीस वर्षं एका कागदावर मांडा. एखाद्या घरात सोळा ते एकवीसच्या रकान्यात ‘१’ दिसू लागतो, चार-पाच वर्षांनी तो नाहीसा होतो आणि त्याच ओढ्यावर एक नवा तरुण, एक घोडा, जमीन शून्य, असा स्वतःच्या नावाने उभा राहतो. जन्मदाखला नसताना जन्मवर्ष असं काढतात. आणि एखाद्या वर्षी जॉनच्या जागी ‘जॉनची विधवा’ किंवा नुसतं बाईचं नाव आलं तर त्याचा मृत्यू एका वर्षाच्या आत पकडता येतो.

माझी एक फजिती सांगते. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका कुटुंबाचा जॉन मी शोधला, त्याचं १८०३ चं मृत्युपत्र मिळालं, मुलांची नावं जुळली, मी अहवाल छान बांधून दिला, पैसेही घेतले. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कामासाठी त्याच काउंटीची खरेदीखतं चाळताना तोच जॉन १८०६ मध्ये जमीन विकताना दिसला. मेल्यावर तीन वर्षांनी! कर-यादीत दोघे पहिल्यापासून होते: एक ओढ्याच्या उगमाकडचा, एक संगमाजवळचा. यादी केलेल्या माणसाने अक्षरांप्रमाणे नावं लावल्यामुळे दोघे एकाखाली एक आले होते, आणि मी ती नक्कल करणाऱ्याची चूक समजून एकावर काट मारली होती. एक सही करायचा, दुसरा फुली मारायचा, हेसुद्धा मी बघितलं नव्हतं. पैसे परत केले. तेव्हापासून मी मूळ दस्त पाहताना सही आहे की फुली हे आधी टिपते.

‘ज्युनियर’, ‘सीनियर’ वाचून बाप-लेक ठरवू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. नात्याचा संबंध नाही. सीनियर मेला की ज्युनियरचा सीनियर होतो. ‘कझिन’ हा शब्द पुतण्यालाही चालतो. ‘अनाथ’ म्हणजे बाप मेलेला. आई घरात धडधाकट असू शकते. आणि ‘इन्फंट’ लिहिलेलं दिसलं तर पाळण्यातलं बाळ डोळ्यासमोर आणू नका, एकवीस वर्षांखालचा कोणीही इन्फंट. तुमच्या सातबाऱ्यावरचा अ.पा.क. आठवा, अज्ञान पालनकर्ता, बस्स तेच. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आपला पालक स्वतः निवडता येई, त्यामुळे कोर्टाच्या वहीत ‘अमक्याने आपला पालक निवडला’ असं दिसलं की त्या दिवशी तो चौदा ते एकवीसच्या मधला.

बायका कुठे सापडतात? जमीन विकताना. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला तहहयात एक तृतीयांश हक्क असे, म्हणून विकताना तिची संमती लागे, आणि ती नवऱ्यापासून बाजूला नेऊन, एकटीला विचारून घ्यायची असा नियम होता. ही नोंद खरेदीखताच्या शेवटी येते आणि कित्येकदा त्या बाईचं नाव सगळ्या काउंटीत एवढ्या एकाच ठिकाणी असतं. नाव पहिलंच, माहेरचं आडनाव नाही. त्यासाठी लग्नाचा जामीन बघायचा. नवरदेव आणि एक जामीनदार पन्नास पौंडांचा मुचलका लिहून देत की या लग्नाला कायदेशीर अडचण नाही. जामीनदार बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ. मुलगी एकवीसच्या आतली असेल तर बापाच्या संमतीची चिठ्ठी. मुचलक्याची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि अगदी सुरुवातीची लग्नं या कुठल्याच वहीत नाहीत. जुलै १७७६ मध्ये बूनची मुलगी जेमायमा आणि कॅलवेंच्या दोन मुली, अशा तिघींना नदीवरून पळवून नेलं आणि तिसऱ्या दिवशी सोडवून आणलं. त्यातल्या एलिझाबेथ कॅलवेचं पुढच्याच महिन्यात बून्सबरोत लग्न लागलं, लावणारा डॅनियलचा भाऊ स्क्वायर. ते लग्न आपल्याला लोकांच्या आठवणीतून माहीत आहे.

मृत्युपत्रात एखादा मुलगा नसला तर तो मेला किंवा बापाशी फाटलं, असं लगेच धरू नका. त्याचा वाटा त्याला आधीच दिलेला असू शकतो. मृत्युपत्र नसताना व्हर्जिनियात जमीन थोरल्याकडेच जाई, तो कायदा १७८५ मध्ये रद्द केला आणि १७८७ पासून सगळ्या मुलांना समान वाटा आला. आपल्या दृष्टीने हा बदल सोन्यासारखा. कारण मग बाप मेल्यावर, बऱ्याचदा म्हातारी आई मेल्यावरच, सगळे वारस मिळून एक खरेदीखत करतात: मुलगे, मुली, जावई, मेलेल्या मुलीची मुलं, कोण इंडियानात गेलाय, कोण मिझुरीत. तुमच्या सहा-क ची वारस नोंदच जणू, फक्त वीस-तीस वर्षं उशिरा. सूचीत मात्र ते पहिल्या सहीवाल्याच्या नावाने असतं, ‘आणि इतर’ असं लिहून. ‘वगैरे ७’ मध्ये तुमचा माणूस दडलाय. म्हणून जावयांच्या आडनावांनीही शोधा. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर २०२४ पासून जुन्या खरेदीखतांचा आणि वारसा-कागदांचा पूर्ण मजकूर शोधता येतो, संगणकाने हस्ताक्षर वाचून. त्यामुळे सूचीत नसलेला साक्षीदारही सापडतो. जुनं ‘एल’ आणि ‘एस’ त्याला सारखंच दिसतं, तेव्हा मूळ चित्र उघडून स्वतः वाचल्याशिवाय काही उतरवू नका.

मला विचाराल तर सगळ्यांत मजा जमिनीच्या खटल्यांत. मोजण्या इतक्या गलथान झाल्या होत्या की एकाच जमिनीवर तीन-तीन दावे, कौलांसारखे एकावर एक. डॅनियल बूनने स्वतः मोजणीदाराचं काम केलं, आणि त्याच्या स्वतःच्या केंटकीतल्या जमिनी अशाच भांडणांत गेल्या. १७९९ मध्ये तो मिझुरीला निघून गेला. पण त्या भांडणांनी आपलं काम केलं. न्यायालयाला ठरवायचं असे की १७७६ मध्ये ‘अमक्या झऱ्याचा’ कोणता झरा. मग म्हाताऱ्यांना रानात त्या झाडापाशी नेऊन जबान्या घेत: वय सुमारे साठ, अमुक साली तमक्याबरोबर या देशात आलो, हे झाड मीच कोरलं, तेव्हा माझा मेहुणा बरोबर होता. वय, आगमनाचं वर्ष, नातं, सगळं शपथेवर. तुमच्या मूळपुरुषाच्या नावे खटला नसला तरी शेजाऱ्यांच्या खटल्यांत तो साक्षीदार असण्याची दाट शक्यता आहे.

क्रांतियुद्धात, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीही अशाच बोलक्या. १८३२ च्या कायद्याखाली अर्जदाराला ठरावीक प्रश्न विचारले जात: कुठे आणि कोणत्या साली जन्मलास, वयाची काही नोंद आहे का, भरती होताना कुठे राहत होतास, त्यानंतर कुठेकुठे राहिलास. स्थलांतराचा नकाशा आयता मिळतो. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली, ती आजही फायलीत आहेत. १८०० च्या नोव्हेंबरात युद्ध खात्याला आग लागली, त्यामुळे त्याआधीचे अर्ज गेले. याशिवाय लायमन ड्रेपर नावाच्या झपाटलेल्या माणसाने एकोणिसाव्या शतकात सीमेवरच्या म्हाताऱ्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या आठवणी गोळा केल्या. १८५१ मध्ये तो बूनचा धाकटा मुलगा नेथन याच्याकडे जाऊन राहिला आणि शेकडो पानं लिहून आणली. जॉन शेन या पाद्र्याच्या मुलाखतीही त्याच संग्रहात, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. वाचायला सुरुवात केलीत की हातातून सुटणार नाही. पण ती पन्नास-साठ वर्षांनंतरची आठवण आहे, काही ठिकाणी तर ऐकीव. इंग्रजीत शेवटचा ‘ई’ न लिहिता ‘डी. बून’ असं कोरलेली झाडं केंटकी-टेनेसीत कित्येक दाखवली गेली, तो स्वतः मात्र सही करताना आडनावाच्या शेवटी ‘ई’ लिहायचा.

अजून एक गोष्ट, भेटीच्या कागदात कुठे मांडायची ते तुम्ही आणि सून मिळून ठरवा. घराणं शोधताना त्यांच्या मालमत्तेच्या यादीत घोडे, नांगर, खाटा यांच्या ओळीत माणसांची नावं आणि पुढे किंमत दिसली तर ती गाळू नका. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यांत नावंच नाहीत, फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या लोकांचे वंशज आज आपलं मूळ शोधतात तेव्हा त्यांना नाव मिळतं ते अशाच कोणाच्या तरी मृत्युपत्रात. एस्टिलच्या ठाण्यावरचा गुलाम मंक एस्टिल १७८२ च्या तिथल्या लढाईनंतर मुक्त झाला, केंटकीतला मुक्त झालेला पहिला गुलाम म्हणतात. त्या काळात गढ्यांमध्ये त्याच्यासारखे पुष्कळ होते. वंशावळ करताना मी अशी सगळी नावं वेगळ्या परिशिष्टात, कागदाच्या तपशिलासह देते.

डीएनए चाचणी शेवटी. सुनेच्या माहेरचा सरळ पुरुष-वंशातला कोणी, म्हणजे ज्याचं आडनाव तेच आहे असा, वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा) तपासायला द्यायला तयार असेल तर दोन जॉनपैकी कोणाचं घराणं ते कधीकधी निकालात निघतं. नेहमीची सगळ्यांना मिळणारी चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे भरवशाची राहत नाही, आणि बून्सबरोचा माणूस सुनेपासून सात-आठ पिढ्या लांब असणार.

राहिलं ते बायबलचं पान. फोटोत पहिली नोंद १७३४ ची दिसते आणि शेवटची १८४७ ची, पण सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात आहेत, हे तुमच्याही नजरेत आलं असेल. म्हणजे कोणीतरी एका बैठकीत उतरवलंय. बायबलचं मुखपृष्ठ असेल तर छपाईचं साल बघायला सांगा. ते १८४० च्या आसपासचं निघालं तर १७३४ ची नोंद ही नातवाची आठवण. त्या नोंदीत तारीख १७५२ च्या आधीची आहे, तेव्हा इथे जुनं कॅलेंडर होतं, अकरा दिवस मागे, आणि नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. बूनचा जन्म कोणी २२ ऑक्टोबर लिहितं, कोणी २ नोव्हेंबर, दोन्ही एकच दिवस. त्यामुळे तक्त्यातली आणि पानावरची तारीख जुळत नाही म्हणून घाबरू नका, आधी फरक अकराचाच आहे का ते मोजा. आणि व्याह्यांना त्या पानाच्या मागच्या बाजूचाही फोटो काढायला सांगा. समोरच्या पानाचा तळ उजवीकडे फाटलाय, तिथे शेवटच्या ओळीत एका मुलीचं नाव अर्धवट दिसतंय, आणि तिचं सासरचं आडनाव कदाचित मागे उमटलं असेल.